हक्क राखून

सातारा-सांगली एसटीत खिडकीची जागा मिळाली की माणसानं गप बाहेर बघावं. शेजारी कोण येऊन बसतंय ते बघू नये. मी बघितलं. काळी बॅग मांडीवर घेऊन वकील बसला होता, आणि पेठ नाक्यापर्यंत अजून दोन तास होते.

हा वकील तुम्हाला माहीत आहे. तुमच्या भावकीत, गल्लीत, नाहीतर बायकोच्या माहेरी एक असतोच. बी.कॉम. होतं, स्पर्धा परीक्षेत दोन-तीन वर्षं जातात, पोलीस भरतीत छाती दोन सेंटिमीटर कमी भरते. मग एखादा मामा म्हणतो, ‘एलएलबी करून ठेव, वाया जात नाही.’ करून ठेव, म्हणजे लिंबाचं लोणचं घालून ठेवावं तसं. प्रवेशाची पावती खिशात पडली की त्याच दुपारपासून पानटपरीवर त्याला ‘या वकील’ म्हणायला लागतात. डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं लागतात. वकील व्हायला आपल्याकडं एक पावती पुरते.

आमचा वकील कोरेगाव तालुक्यातला. साताऱ्यात रयतचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज हाकेच्या अंतरावर, पण हा शिकायला आला सांगलीत. डिग्री दोन्हीकडं शिवाजी विद्यापीठाचीच, मग इतक्या लांब कशाला, असं मी विचारलं. खरं कारण मला ठाऊक होतं. साताऱ्यात नापास झालं तर राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत बातमी संध्याकाळच्या आत पोचते, सांगलीत नापास व्हायला मोकळीक असते. पण वकिलानं वकिली उत्तर दिलं. ‘दादा, १९४९ साली सातारा जिल्ह्याचं वाटप झालं. दक्षिण सातारा बाजूला काढला, १९६० साली त्याचं नाव सांगली ठेवलं. म्हणजे मी परमुलखात शिकत नाही, आमच्याच घरातून वाटणीला गेलेल्या तुकड्यात शिकतोय. हक्क राखून.’

हे शेवटचे दोन शब्द नीट ध्यानात ठेवा. मला सहा वर्षं ठेवावे लागले.

पहिल्या सेमिस्टरला असताना तो एका सीनियरांच्या ऑफिसात नोटिसांच्या प्रती काढायला जायचा. प्रत्येक नोटिशीत कुठं ना कुठं असायचं, ‘माझे अशिलाचे सर्व हक्क अबाधित राखून’. कायद्याच्या तमाम ज्ञानातलं हेच एक वाक्य त्याला एका झटक्यात पाठ झालं, आणि ते वापरायला अशील नसल्यामुळं तो ते स्वतःवरच वापरायला लागला. विश्रामबागला आम्ही कॉट बेसिसवर एका खोलीत राहायचो. मी बँकेत, तो कॉलेजात. सकाळी मी चहा पुढं केला की म्हणायचा, ‘घेतो, पण हक्क राखून.’ कसला हक्क? दुसऱ्या कपाचा. आंघोळीला मला आधी जाऊ दिलं, तेही हक्क राखून. गणपती मंदिरात प्रसादाचा पेढा घेताना एकदा त्यानं पुजाऱ्यालाही हे ऐकवलं. पुजाऱ्यानं बिचाऱ्यानं अजून एक पेढा दिला.

एसटीत तर दर सोमवारी कज्जा ठरलेला. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागं आकडा लिहून द्यायचा. वकील ते तिकीट दोन बोटांत धरून गंभीरपणे म्हणायचा, ‘बाकी सात रुपये. तिकीट स्वीकारतो, हक्क राखून.’ एक कासेगावचा कंडक्टर होता, तो म्हणाला, ‘राखा की, पन उतरताना मागा. न्हाईतर ऱ्हातंय.’ वकील इस्लामपूर सोडलं की झोपायचा. सांगली स्टँडला दचकून उठायचा आणि बॅग सावरत उतरून जायचा. सात रुपये राहायचे. ते तिकीट तो फेकायचा नाही, दंड संहितेच्या पुस्तकात खूण म्हणून घालायचा.

मेसच्या काकूंना मात्र त्यानं इंग्लंडचा कायदा दाखवला. टॉर्टचा पेपर जवळ आलेला. आमटीच्या वाटीत काहीतरी काळं, मऊ, वेटोळं तरंगत होतं. वकिलानं चमचा खाली ठेवला आणि उभा राहिला. ‘१९३२. हाउस ऑफ लॉर्ड्स. डॉनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन. बाईनं जिंजर बिअर प्यायली, बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली. पैसे बाईनं दिले नव्हते, मैत्रिणीनं दिले होते. तरी कोर्ट म्हणालं, बनवणाऱ्यानं पिणाऱ्याची काळजी घेतली पाहिजे. काकू, तुमचा माझा करार असो नसो, तुम्ही मला जबाबदार आहात.’ सगळी मेस ताटावरचे हात थांबवून ऐकत होती. काकू पदराला हात पुसत आल्या, वाटीत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, ‘आमसूल हाय त्ये. चिंच म्हाग झालीया.’

वकील बसला. आमटी प्यायला. कशी, ते मी सांगत नाही.

पुढच्या वर्षी घटनेचा पेपर. काकूंनी त्या महिन्यात भाकरी बंद करून चपाती सुरू केली. वकील म्हणाला, ‘केशवानंद भारती, १९७३. तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. दुरुस्ती करा, पण मूळ चौकटीला हात लावायचा नाही. भाजी बदला, आमटी बदला. भाकरी ही चौकट आहे.’ या वेळी सगळी मेस त्याच्या बाजूनं होती. बुधवार-शनिवार भाकरी परत आली. माझ्या माहितीत वकिलानं जिंकलेला हा पहिला खटला, आणि बरीच वर्षं एकमेव.

माझ्या घरी त्यानं काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण ती जखम अजून ओली आहे. साताऱ्याला जेवायला बोलावलं होतं. बायको म्हणाली, ‘यांनी पाडव्याला पैठणी कबूल केलीय.’ हा घास गिळून म्हणाला, ‘वहिनी, नवऱ्यानं बायकोला घरात दिलेला शब्द करार होत नाही. बाल्फोर विरुद्ध बाल्फोर, १९१९.’ त्या वर्षी मी पैठणी घेतली. शिवाय एक इरकल.

लग्नाच्या बाजारात या दोन शब्दांनी त्याचं जे केलं, ते शत्रूनंही केलं नसतं. वाईला मुलगी बघायला गेला. पोहे आले. मुलीचे वडील म्हणाले, ‘घ्या की.’ वकील म्हणाला, ‘घेतो, हक्क राखून.’ वडिलांचा चेहरा पडला. ते मध्यस्थाला आत घेऊन गेले, आणि दाराआडून आवाज स्पष्ट आला, ‘किती तोळ्यांचा हक्क म्हणतोय त्यो?’ हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे हे सांगायला वकील उठला, पण तोवर आतून पोह्यांची दुसरी ताटली यायची थांबली होती. मुलगा काही मागत नाही यावर वाईत कोणाचाच विश्वास बसला नाही. मागत नाही म्हणजे मागाहून मोठं मागणार, असंच सगळे धरून चालले. कायदा साठ वर्षांचा झाला तरी आपल्याकडं पोह्यांच्या ताटलीपर्यंत पोचलेला नाही.

बाकी सहा सेमिस्टरचा कोर्स त्यानं सहा वर्षं पुरवून खाल्ला. पेपर राहायचे, निघायचे, दुसरे राहायचे. गावी बांध कोरल्याचं भांडण झालं की लोक सातबारा घेऊन त्याच्याकडं यायचे, तो मन लावून सांगायचा, आणि फी म्हणून शेंगांची पिशवी घेऊन सांगलीला परतायचा. शेंगांवर आम्ही कितीतरी रात्री काढल्या. आमराईत फिरत तो कलमं पाठ करायचा, आणि मी पुस्तक धरून विचारायचो. त्यामुळं तीनशे दोन, तीनशे सात, पाचशे सहा मलाही पाठ झाली. दंड संहितेचा पेपर तिसऱ्या खेपेला, २०२४ च्या उन्हाळ्यात निघाला. वकिलानं खोलीत भडंग वाटला. आणि १ जुलैला दंड संहिता गेली. १८६० सालापासूनची, ५११ कलमांची. तिच्या जागी भारतीय न्याय संहिता, कलमं ३५८. खून तीनशे दोनवरून एकशे तीनवर आला. चारशेवीस झालं तीनशे अठरा.

तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘दादा, चारशेवीस म्हटलं की माणूस डोळ्यांपुढं उभा राहायचा. तीनशे अठरा म्हटलं की खोली नंबर वाटतो.’ मी म्हटलं, नवं पाठ कर. तो म्हणाला, ‘करतो.’ पुढचं वाक्य मीच म्हटलं.

१८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सगळ्यांची चार दशकांची मागणी. पेठ नाक्यावर गाडी डावीकडं सांगलीला वळताना वकील मान मागं वळवून सरळ जाणाऱ्या हायवेकडं बघत राहिला. निकाल लागला होता, पास झाला होता, सनद तेवढी यायची होती. त्या दिवशी तो झोपला नाही. मला वाटलं, आता हा काहीतरी होणार.

त्यानंतर महिन्याभरात त्यानं मला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बोलावलं. वडील वारून वर्ष झालं होतं. थोरला भाऊ शेती बघतो, दोन एकर, निम्म्यात ऊस, निम्म्यात आलं. तासगावला दिलेली बहीण हक्कसोडपत्र करून द्यायला येणार होती, आणि ओळख पटवायला दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक मी. बहिणीनं नवी साडी नेसली होती, भावानंच घेतलेली. अशा कामाला साडी घेतात. सगळ्यांना माहीत असतं कशासाठी, आणि कोणी बोलत नाही.

दस्त टाइप करून तयार होता. भाऊ म्हणाला, ‘कर सही, ताई.’ तिनं पेन उचललं. वकिलानं तिच्या हातातून कागद काढून घेतले. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, परत पहिलं. बाकावर बसलेली माणसं घड्याळ बघायला लागली.

‘ताई, आधी वाच.’

‘तू वाचलास न्हवं?’

‘वाचलं. म्हणूनच म्हणतोय.’ आणि त्यानं तिला सांगितलं. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानंच हिस्सेदार आहे, भावाइतकीच. यात विनामोबदला सोडते लिहिलंय. सही करायची तर कर, तुझी मर्जी. पण काय सोडतेस ते बघून सोड. आवाज इतका साधा होता की मी चमकून बघितलं. एकही खटल्याचं नाव नाही. ते दोन शब्दही नाहीत.

ताई बराच वेळ कागद हातात धरून बसली. मग म्हणाली, ‘आज नको.’ पेनाचं टोपण लावलं, टेबलावर ठेवलं, आणि साडीच्या निऱ्या सावरत उठली. भाऊ तिला काही बोलला नाही. वकिलाकडं बघून म्हणाला, ‘तुझी सहा वर्सांची फी मी उसाच्या बिलातनं भरली. ह्यासाठी व्हय?’ आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला. भाऊ-भाऊ त्या दिवसापासून बोलत नाहीत.

आता त्याला सनद मिळालीय, साताऱ्याच्या कोर्टात सीनियरांच्या मागं फाइली घेऊन फिरतो. परवा माझ्याकडं आला, खोली सोडताना राहिलेली दंड संहिता न्यायला. पुस्तक उघडलं तर पानापानांतून तिकिटं गळाली. मागं बाकीचे आकडे. सात, तीन, बारा, पाच. आम्ही कॉटवर बसून बेरीज केली, एकशे त्रेचाळीस भरले. मी म्हटलं, जा डेपोत, माग. तो म्हणाला, ‘पैशाच्या दाव्याला मुदत तीन वर्षं. यातली निम्मी बुडाली.’ मग थोडा वेळ तिकिटं जुळवत बसला, आणि खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

‘हा आमच्या थोरल्या दादाला द्याल? माझ्या हातून घेणार नाही तो.’

मी वाचू का म्हटलं. वाचा म्हणाला. स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं. २०१९ पासूनची प्रत्येक सेमिस्टरची फी, पुस्तकं, मेस, सगळं तारीखवार, आणि खाली, ही रक्कम मी फेडीन, सही. ‘करार कायदा, १८७२, कलम पंचवीस, पोटकलम तीन,’ तो खाली बघत म्हणाला, ‘मुदत गेलेलं देणंही लिहून, सही करून कबूल केलं की परत जिवंत होतं.’ मी कागद वरून खाली दोनदा वाचला. सवयीनं मी काय शोधत होतो ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. ते नव्हतं.

रविवारी मी गावी गेलो. भाऊ गोठ्यात धार काढत होता. हात पुसून त्यानं कागद घेतला, दिव्याखाली धरला आणि ओठ हलवत सगळा वाचला, आकडे दोनदा. घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. चहा घेणार का विचारलं. कप हातात देऊन परत म्हशीकडं वळला, आणि पाठमोराच म्हणाला,

‘वकिलाला म्हणावं, कागद पोचला. घेतलाय. हक्क राखून.’