किती देती?

परभणीत गाडी कोणतीही असो, पहिला प्रश्न ठरलेला: किती देती? वसमत रोडवरच्या एका निवृत्त मामांनी पुण्याहून आलेल्या भाच्यालाही तोच विचारला. भाच्याने मोबाइलवर डीसी अवंतीचा फोटो पुढे केला होता. दिलीप छाब्रियांची ही दोन सीटची स्पोर्ट्स कार २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत झळकली आणि पुढे पुण्याजवळ तळेगावात तयार होऊ लागली.

"मामा, अडीचशे घोड्यांची ताकद आहे."

"मग चारा किती लागतो?"

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे ज्याच्या जिभेवर कायम असतं, त्या माणसाला इंजिन रेनॉचं, म्हणजे फ्रान्सचं, हे ऐकून जरा हिरमुसायला झालं. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, सहा गिअर, किंमत तेव्हा ३५ लाखांच्या आसपास होती. शिवाय '३१०' नावाची खास आवृत्ती: ताकद ३१० घोड्यांची आणि गाड्या मोजून ३१. मर्यादित म्हटलं की मामांना रेशनची साखर आठवते. इथे मर्यादित म्हणून उलट जास्त मोजायचे, हा हिशेब काही त्यांच्या गळी उतरेना.

इंजिन सीटच्या मागे आहे, हे भाच्याने फार अभिमानाने सांगितलं. वजन गाडीच्या मध्याजवळ राहतं, वळणावर तोल सुटत नाही. फॉर्म्युला वनच्या गाड्यांतही इंजिन असंच चालकाच्या पाठीशी असतं.

"अन् ज्वारीचं पोतं?" मामींनी चहाचा कप ठेवत विचारलं.

भाचा चहा पिऊ लागला.

खरं तर या गाडीत आपल्या रस्त्यांचा विचार होता. स्पोर्ट्स कार म्हटली की पोट रस्त्याला टेकायला आलेलं. अवंतीच्या पोटाखाली मात्र १७० मिलिमीटर जागा. साध्या स्विफ्टलाही साधारण तेवढीच असते. परभणीची एमएच-२२ ची पाटी हिच्यावर शोभली असती, एवढं मामांनी कबूल केलं.

मग ते टेप घेऊन बाहेर पडले. घरापुढच्या स्पीडब्रेकरच्या उंचवट्यावर त्यांनी काठी आडवी धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि उकिडवे बसून माप घेतलं. मागे एक रिक्षावाला हॉर्न वाजवत थांबला होता.

"साडेपाच इंच. निघती," मामा म्हणाले. मग भाच्याच्या सुटलेल्या पोटाकडे बघून त्यांनी टेप पुन्हा उघडला. "दोघं बसल्यावर किती दबती?"