गिअरचो डबो

मालवणहून कसालच्या दिशेने निघालं की वाटेतल्या एखाद्या नाक्यावर, आंब्याखाली, काळंकुट्ट अंगण लागतं. गवत तिथे रुजत नाही. वर्षानुवर्षांचं इंजिन ऑइल त्या मातीने पचवलेलं असतं. कडेला एक ट्रॅक्स उभी असते. ती दुरुस्तीला आलेली आहे. कधी आली, हे विचारायचं नसतं. टपावर कोंबड्या बसतात, स्टिअरिंगला पडवळाचा वेल गेलेला असतो. बोर्ड होता, तो एका पावसात गळक्या पत्र्यावर आडवा पडला आणि तिथेच कामाला लागला. बोर्डावाचून कुणाचं अडत नाही. मेस्त्री कुठे सापडतो हे पंचक्रोशीला ठाऊक असतं: गाडीखाली. गावातली निम्मी माणसं त्याला पायांवरून ओळखतात.

सिंधुदुर्गात असा एक मेस्त्री प्रत्येक नाक्याला आहे आणि सगळे मिळून तो एकच आहे. बोलेरो पिकअप न्या, छोटा हत्ती न्या, होडीचं इंजिन न्या, भात भरडायची गिरण न्या, तो "बगूया" म्हणतो. "ह्या माका येना नाय" हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. गाडी कधी मिळेल, यावर उत्तर ठरलेलं: "सांजवेक घेवन जा." सांज रोज होते, त्यामुळे तो खोटंही बोलत नाही.

त्याचा हंगाम म्हणजे जून-जुलै. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून मासळीच्या पिकअप रिकाम्या. वर्षभर बांगडा-सुरमईचे क्रेट लादून आंबोली नाहीतर गगनबावड्याचा घाट चढलेल्या या गाड्या एका रांगेत त्याच्या दारी लागतात. वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी हौद्यातून सतत खाली ठिबकत असतं. ते चासी खातं, सायलेन्सर खातं, ब्रेकच्या नळ्या खातं आणि शेवटी वायरिंगला लागतं. मासे संपले तरी वास संपत नाही. मेस्त्रीच्या मांजरी त्या दोन महिन्यांत गाड्यांखालीच मुक्कामाला असतात, त्याच्या शेजारी.

त्याचं निदान मात्र बघण्यासारखं. हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. टोक इंजिनाच्या हेडवर, मूठ कानाच्या भोकाशी, डोळे मिटलेले, तोंडातली सुपारी थांबलेली. पोरगो ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवतो. गाडीमालक श्वास रोखून. मग मेस्त्री डोळे उघडतो आणि म्हणतो, "तीन नंबरचो इंजेक्टर." इंजेक्टर उतरवून बघितला तर तीन नंबरचाच गेलेला असतो. या कानापुढे कंपनीतून शिकून आलेली पोरंही मान तुकवतात, हे मान्य केलं पाहिजे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं आणि गाड्यांत इंजिनापेक्षा सेन्सर जास्त झाले. मेस्त्रीने त्यावर सोपा तोडगा काढला. जे कानाला ऐकू येतं ते आपलं. जे येत नाही ते "वायरिंगचा काम", म्हणजे दुसऱ्याचं. गिअरबॉक्स अर्थातच आपला. क्लचप्लेट, सिंक्रो रिंग, बेरिंग, सगळं हाताच्या पंजात मावणारं. त्या राज्यात कॉम्प्युटर शिरेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. आपल्याकडे पिकअप म्हणजे हाताने गिअर टाकायची गाडी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाली पिकअप लाखात एखादी, हौशी माणसाची.

तसा एक हौशी तारकर्लीला निघाला. बोटिंगचा धंदा. ऑटोमॅटिक पिकअप घेतली आणि बोटीची ट्रॉली लावून मागच्या मागे समुद्रात घालू लागला, सकाळ-संध्याकाळ. दोन हंगामांत गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकली. दुसरा नाही, चौथा नाही. चढावर बैलासारखी थांबे. टोचन करून ती मेस्त्रीच्या अंगणात आली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच.

मेस्त्री आत बसला आणि खाली बघत राहिला.

"ह्येचो क्लच खय?"

"क्लच नाय, मेस्त्रीनू. ऑटोमॅटिक."

"मगे गिअर कोण बदलता?"

"डबो."

हा डबा म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल. काही गाड्यांत तो डॅशबोर्डखाली असतो, काहींत इंजिनाजवळ, काहींत थेट गिअरबॉक्सच्या पोटात. गाडीचा वेग किती, ॲक्सिलरेटरवर पाय किती, तेल किती तापलं, ही खबर सेन्सर त्याला देतात. त्यावरून तो गिअरबॉक्समधल्या छोट्या झडपा उघडतो-मिटतो, तेलाचा दाब हव्या त्या क्लचवर जातो आणि गिअर पडतो. खबर तुटली किंवा डबाच गेला, की गाडी जिवाच्या भीतीने एक गिअर धरून बसते. म्हणजे मालक निदान घरी तरी पोचावा. मेस्त्रीने स्क्रूड्रायव्हर काढला, डब्यावर टेकवला, कान लावला. बराच वेळ.

"ह्यो बोलना नाय," तो म्हणाला.

तोवर नाक्यावरची सल्लागार मंडळी जमली होती. एसटीतून निवृत्त झालेल्या ड्रायव्हरकाकांनी ऑइल बदलायला सांगितलं. एकाने बॅटरी काढून परत लावायला सांगितलं. तिसऱ्याने गाडी विकायला सांगितलं. शेवटी कुडाळहून एक तरुण स्कॅनर घेऊन आला. स्कॅनरवर पी-०७०० हा कोड उमटला. त्याचा अर्थ एवढाच की गिअरच्या खात्यात काहीतरी बिनसलंय, पुढचं तिथे विचारा. देवळात कौल लावल्यावर देवाने "गुरवाक विचार" म्हणावं, तसं. तरुणाने कनेक्टर उपसला. पिना हिरव्या झाल्या होत्या आणि फटीतून बारीक वाळू गळली. पिना घासून, फ्यूज आणि अर्थिंग तपासून झालं. डब्याच्या आतच मीठ शिरलेलं. नवाच लागणार.

"कोल्हापूरच्या भंगारात गावात," मेस्त्री म्हणाला. तरुणाने समजावलं की जुन्या डब्यात दुसऱ्या गाडीचा चासी नंबर भरलेला असतो, तो इथे नीट जुळणार नाही.

"आमच्या टायमाक पिस्टनान कधी चासी नंबर इचारलो नाय," मेस्त्री म्हणाला आणि गाडीखाली गेला. गाडीखाली काहीच काम नव्हतं.

नवा डबा यायला आठवडा गेला. बसवायला पाव तास. बॅटरीची निगेटिव्ह काढली, कनेक्टरची कडी दाबली, दहाच्या पान्याने बोल्ट सोडले, जुना बाहेर, नवा आत. मेस्त्रीला हे फार लागलं. गिअरचं काम म्हणजे निदान दोन दिवस आणि कोपरापर्यंत ग्रीस, ही त्याची श्रद्धा. पण बसवण्याआधी नारळ आला होता आणि गाऱ्हाणं त्यानेच घातलं: "बा देवा म्हाराजा, ह्यो नवो डबो बसयतंव. ह्येका खाऱ्या पाण्यापासून संभाळ, आणि मालकाक बुद्धी दी!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मालकही म्हणाला.

मग लॅपटॉप जोडला. नव्या डब्यात प्रोग्राम भरताना बॅटरीचा व्होल्टेज पडता कामा नये. मध्येच पडला तर नवा डबाही कायमचा जायची भीती. चार्जर लावला होता. अर्ध्यात लाइट गेली. तरुणाचा चेहरा पांढरा. मेस्त्री मात्र या क्षणाची वाट बघत असल्यासारखा उठला आणि दशावताराच्या नाटकांना माइकसाठी भाड्याने देतो ती भली मोठी बॅटरी उचलून आणली. केबल लागली, प्रोग्राम पुरा झाला. गिअर शिकवायला चौक्यापर्यंत फेरी मारली तेव्हा मेस्त्री पुढच्या सीटवर कान टवकारून बसला होता. परत आल्यावर तक्रार एकच: "गिअर पडता ता कळना नाय."

दुसऱ्या दिवसापासून नाक्यावर गजाल सुरू आहे. मेस्त्री सांगतो, "गाडी दारात येताच मी सांगलंय, डबो गेलो. त्या पोराक लॅपटॉपवर बघूचा लागला." ड्रायव्हरकाका साक्षीला असतात.

मेस्त्रीने मजुरी घेतली दोनशे, बॅटरीचं भाडं शंभर, नारळाचे वेगळे. डब्याची किंमत मालकाने अजून घरात सांगितलेली नाही, म्हणून इथेही छापत नाही.