माझंच घ्या ना!

सकाळच्या जलद लोकलच्या प्रत्येक डब्यात एक 'माझंच घ्या ना' काका असतात. तुमच्या डब्यात नसतील, तर जरा आरशात बघून घ्या.

आमचे काका राहतात डोंबिवलीत, पण विंडो मिळावी म्हणून आधी उलटे कल्याणला जातात आणि बसून येतात. आम्ही डोंबिवलीला लोंबकळत आत शिरतो, तेव्हा आमचा श्वास संपलेला असतो आणि काकांचा शिल्लक असतो. कोणी म्हणावं, "गुडघा धरलाय हो," की काका, "आता माझंच घ्या ना!" कुणाच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट अडलं, माझंच घ्या ना. कुणाचं पोरगं गणितात गचकलं, माझंच घ्या ना. एकदा एकाने बायकोला बाळंतपणासाठी माहेरी पोचवल्याचं सांगितलं. इथे तरी काकांचं काही घेता येणार नाही, अशी आमची खात्री. काका म्हणाले, "माझंच घ्या ना. मी पायाळू!"

मी एकदा मुद्दाम 16 एप्रिल 1853 काढली. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी, 14 डबे, 3 इंजिनं, 400 पाहुणे. इतक्या मागे काकांचा पाय पोचणार नाही, असा हिशेब. काका म्हणाले, "400 माणसं 14 डब्यांत? सगळे बसून गेले असणार. नाहीतर माझंच घ्या ना..."

पूर्वी निदान पारसिकचा बोगदा होता. 1916 सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. जलद लोकल आत शिरली की खडखडाटात काका ऐकू येत नसत. नुसते ओठ हलत, आणि ओठांवरूनही कळे काय घ्यायला सांगताहेत ते. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, बोगदा मेल-एक्स्प्रेसना गेला आणि आमची जलद गाडी मुंब्रा-कळव्यावरून उघड्यावर धावू लागली. रेल्वेने वाहतुकीचा विचार केला, आमचा नाही केला.

26 जुलै 2005 चा विषय तर कोणी काढूच नये. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला त्या रात्री काका कुर्ल्याला रुळांवर होते, कल्याणला वालधुनीकाठच्या एका गच्चीवर होते आणि ठाण्याहून डोंबिवलीला चालतही येत होते. आमच्यातल्या एका ऑडिटवाल्याने काकांची सगळी दुखणी मांडली, तेव्हा त्यांचं अपेंडिक्स दोनदा काढलेलं निघालं.

पुढे एक पोरगा डब्यात येऊ लागला. पाठीवर सॅक, हातात डबा, पण गळ्यातलं ओळखपत्र गायब. कोणाशी बोलत नसे. काकांनी त्याला सरकून चौथी सीट दिली आणि कोणी काही विचारलेलं नसताना सुरू झाले, "माझंच घ्या ना. 1998 साली आमची कंपनी बंद पडली. घरी सांगायची हिंमत नाही. रोज डबा घेऊन निघायचो आणि व्हीटीच्या बाकावर बसून खायचो." पोरगा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मग घरी कधी सांगितलंत?" ठाण्याला मी उतरलो, तेव्हा तो बोलत होता आणि काका चक्क ऐकत होते.

काका पहिल्या दिवसापासून सरकारी नोकरीत आहेत. त्यांची कंपनी बंद पडायची, तर सरकारच बंद पडायला हवं.

त्या दुसऱ्या अपेंडिक्सचं गणित मला तेव्हा सुटलं. ज्याचं दुखणं दिसेल, त्याचं ते उसनं घेऊन आधी स्वतःच्या नावावर चढवायचं, म्हणजे समोरच्याला तोंड उघडायला सोपं. सगळेच प्रसंग असे होते असं मात्र मी म्हणणार नाही. काही वेळा माणसाला नुसती बोलायची खाज असते. आणि पायाळूचं मी अजून माफ केलेलं नाही.

या पावसाळ्यात काकांच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट दिसू लागलं, हॉस्पिटलचं नाव आतल्या बाजूला. गुडघे, मूतखडे, सोसायट्या, सगळे विषय समोरून गेले. काकांनी एकही घेतला नाही. शेवटी मीच वाकून विचारलं, "काका, घरी सगळं ठीक ना?"

काकांनी पाकीट बॅगेखाली सरकवलं.

"कळवा गेलं," ते म्हणाले. "तुम्हाला ठाण्याला उतरायचंय ना? सरका आधी दाराकडे."