कुणाला अडवायचंय?

दहिवलीत खासगी गोष्ट म्हणजे उल्हास नदीवरचा पूल ओलांडून कर्जत स्टेशनापर्यंत अजून न पोचलेली गोष्ट. एकदा स्टेशनावर पोचली की ती बदलापूर, कल्याण करत लोकलनं मुंबईला जाते आणि तिकडून आपल्यालाच फोन येतो, "काय रे, गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतोयस म्हणे?" या व्यवस्थेबद्दल आमची कधी तक्रार नव्हती. आपली बातमी जाते तशी दुसऱ्याचीही येते. हिशेब मिटतो.

हिशेब बिघडला तो शेजारचं कौलारू घर पाडून तिथं तीन मजली इमारत उभी राहिल्यावर. जोत्यावर बसलेल्या शेजाऱ्याला आपण दिसतो, तसा तो आपल्यालाही दिसतो. वरच्या गॅलरीतल्या माणसाला आपण अख्खे दिसतो, आपल्याला मात्र त्याचे फक्त वाळत घातलेले बनियन दिसतात. मी परसात अळूला पाणी घालायला लागलो की वरून आकाशवाणी व्हायची, "सर, त्या कोपऱ्यात राहिलं." हा माझ्याच हाताखालून गेलेला विद्यार्थी. शाळेत असताना फळ्याकडे सोडून सगळीकडे बघायचा.

"आपल्याला प्रायव्हसी पाहिजे," सौभाग्यवतीनं जाहीर केलं. दोन खोल्यांत सासू, सासरे, दोन दीर, एक आत्या आणि गणपतीत मुक्कामाला येऊन दिवाळीपर्यंत राहणारे पाहुणे एवढ्या जणांत जिनं संसार केला, तिच्या तोंडी हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. घरात दोघंच उरल्यावर तिला प्रायव्हसीची उणीव भासावी, याचा मी फार खोलात विचार केला नाही. शिक्षकी पेशात जे शिकलो त्यात हे एक होतं.

उपाय इंग्लंडहून आला. तिथं राहणाऱ्या पुतण्यानं एक व्हिडिओ पाठवला. विलोच्या बोटाएवढ्या जाड, ओल्या फांद्या. खुंट रोवलेले, आणि त्यांच्यामधून आतबाहेर, आतबाहेर करत एक बाई गाणं गुणगुणत कुंपण विणतेय. तिकडं सॉमरसेट परगण्याच्या पाणथळ जमिनीत विलोची चक्क शेती करतात. झाड बुंध्याशी छाटायचं, फुटलेल्या सरळसोट फांद्या हिवाळ्यात कापायच्या, त्यांच्या टोपल्या आणि कुंपणं विणायची. ताजी फांदी जमिनीत खोचली तर तिला मुळं फुटतात आणि कुंपण उभ्या जागी हिरवं होतं. "काकू, बघ ना, किती नॅचरल!" पुतण्या म्हणाला. त्याच्या काकूनं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि मला चहा मिळेनासा झाला.

विलो आणायचा कुठून? नर्सरीत गेलो, तर तिथल्या माणसानं 'वीपिंग विलो' म्हणून एक रोप पुढं केलं. लाल ब्रशासारखी फुलं आलेला तो उघडउघड बॉटलब्रश होता. खरा विलो पाहिजे म्हटल्यावर तो म्हणाला, "बॅटचा? तो काश्मीरला." हे बरोबरच होतं. आपल्याकडं विलो म्हणजे बॅट. काश्मिरी लोक त्याच्या फांद्यांनी कांगडीही विणतात, पण कांगडीत निखारे घालून ती फेरनाखाली धरण्याइतकी थंडी दहिवलीत पडत नाही. गल्लीतल्या पोरांच्या कानावर गुरुजी विलोचं कुंपण घालणार ही बातमी गेली (पूल न ओलांडताच गेली), तेव्हा एकानं गंभीरपणे विचारलं, "मग बॉल तुमच्याकडं आला, तर कुंपणच परत मारणार का?"

खरं तर विलोचा एक भाऊबंद महाराष्ट्रातही आहे. वाळुंज. ओढ्यानदीच्या काठी पाय ओले ठेवून उभा असतो. आडनाव म्हणून तो सगळ्यांना माहीत, झाड म्हणून कुणालाच नाही. विलोच्या सालीत जे द्रव्य असतं त्याच्या अभ्यासातून पुढं ॲस्पिरिन निघालं. आमच्याकडं विलो पोचला नाही, डोकेदुखी तेवढी पोचली.

दरम्यान मी गणित मांडलं. पस्तीस वर्षं जे शिकवलं ते निदान एकदा कामी यावं. दुसऱ्या मजल्यावरच्या नजरेपासून परसाच्या मध्यभागी बसलेला माणूस झाकायचा, तर कुंपण जवळजवळ दुमजली व्हायला हवं. कुंपण पुरुषभर उंच ठेवलं, तर झाकलं जाण्यासाठी माणसानं त्याला नाक लावून बसायला हवं. मी हे कागदावर त्रिकोण काढून सौभाग्यवतीला दाखवलं. "तुम्ही बसाल ना नाक लावून," ती म्हणाली. सिद्धता संपली.

मग फिरून बघितलं, लोक काय करतात. कर्जत तालुक्यात मुंबईकरांची फार्महाउसं जिथं तिथं आहेत आणि प्रत्येकाला निसर्गात राहायचंय, फक्त निसर्ग दिसता कामा नये. कुणी हिरवी शेडनेट ताणलीय. कुणी प्लॅस्टिकच्या पानांच्या चटया टांगल्यात. दोन उन्हाळ्यांत त्या निळसर पडतात, आणि निळ्या पानांचं झाड अजून सह्याद्रीत सापडलेलं नाही. सगळ्यांवर कडी म्हणजे सिमेंटचा बांबू. आत लोखंडी सळी, वर सिमेंट, त्याला पेरं पाडलेली, वर पिवळा रंग आणि मधूनमधून हिरवा फराटा. ज्या तालुक्यात खरा बांबू बांधावर उगवतो, तिथं तो साच्यात घालून ओततात.

या सिमेंटच्या बांबूला मी हसणार होतो, पण मला कोंडाण्याची लेणी आठवली. राजमाचीच्या पायथ्याशी, आमच्यापासून फार लांब नाहीत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर मान वर करून बघा: वेदिकेच्या पट्ट्या कोरल्यात. वेदिका म्हणजे मुळातलं लाकडी कुंपण, उभे खांब आणि त्यांत अडकवलेल्या आडव्या पट्ट्या. डोंगराच्या कड्यावर, जिथं गुरं चढत नाहीत आणि शेजारी गॅलरी नाही, तिथं दगडात कुंपण. ते कुणालाही अडवत नाही, कुणालाही झाकत नाही, नुसती शोभा. म्हणजे खोटं कुंपण लावण्याची आमच्या भागातली परंपरा सातवाहनांच्या काळाइतकी जुनी निघाली. फरक एवढाच की कोंडाण्याचं अजून जागेवर आहे आणि सिमेंटच्या बांबूची सळी तिसऱ्या पावसाळ्यात बाहेर डोकावते.

शेवटी कुणीतरी सुचवलं की ठाकरवाडीतल्या मामांना बोलवा. मामा आले, परसात उभे राहिले, तंबाखू मळली, व्हिडिओ बघितला. त्या गुणगुणणाऱ्या बाईचं काम त्यांनी शांतपणे, एका कारागिरानं दुसऱ्याचं पाहावं तसं पाहिलं. "बरी इणते," म्हणाले. मग म्हणाले, "वई घालायची म्हणा की." आमच्या आजोबांच्या वेळी या परसाला दरवर्षी वई असायची. मधल्या काळात तारा आल्या, मग ब्लॉक आले, आणि आता ती इंग्लंडहून फोनवर आली.

"पण गुरजी, कुणाला अडवायचंय?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि मामांकडं प्रत्येक उत्तराची वेगळी वई होती. कोंबडी अडवायची, तर खालची दोन वीत दाट विणायची, वर मोकळं सोडलं तरी चालतं. बकरी अडवायची, तर छातीएवढी उंच आणि आतून टेकू, कारण बकरी आधी पाय टेकून बघते. गुरांसाठी विणकाम वायाच. त्यांना चिलारीच्या काट्याच्या फेसाट्या लागतात. रानडुकराला काहीच लागत नाही, ते येतंच.

"आणि माणूस?" सौभाग्यवतीनं विचारलं.

"माणूस दारातनं येतो ना, बाई."

मग वरच्या गॅलरीकडं बोट दाखवावं लागलं. मामांनी वर पाहिलं. वरून माझा विद्यार्थी म्हणाला, "काय मामा, बरं हाय ना?" मामा म्हणाले, "बरं हाय. तू कवा आलास?" आणि ज्याला अडवायचं त्याच्याशी त्यांच्या निवांत गप्पा झाल्या. त्याच्या आईच्या मधुमेहाची आम्हाला नसलेली माहिती मामांना त्या वेळात मिळाली.

सामानाची यादी मामांनी तोंडी सांगितली. मेढींना उंदीरमारीचे दांडके. कागदोपत्री तिला गिरिपुष्प म्हणतात. पावसाच्या तोंडावर दांडका पुरला की जगतो, म्हणजे इंग्लंडचा विलो जी करामत करतो तीच इथं ही करते, तीही कुणी व्हिडिओ न काढता. उभ्या काठ्या कारवीच्या. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून वाळते. त्या वाळलेल्या काठ्या हलक्या, सरळ आणि चिवट. आडव्या कांबी बांबूच्या. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा, नाहीतर भुंगा लागतो, असं मामांचं म्हणणं. भुंग्याला बांबूतला पिठूळ अंश आवडतो हे शास्त्रही सांगतं. अमावास्येला त्याचा उपास असतो की नाही, हे मी मामांना विचारलं नाही.

बांबूवरून आठवलं. १९२७ च्या वन कायद्यानं बांबूची गणना झाडांत केली होती. वनस्पतिशास्त्रात तो गवत. म्हणजे नव्वद वर्षं आपल्या बांधावरचं गवत तोडून नेताना शेतकऱ्याला झाड नेतोय म्हणून परवाने दाखवावे लागत. २०१७ साली दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरचा बांबू झाड राहिला नाही. मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "आमाला ठावं होतं."

विणायला बसले तेव्हा त्यांच्या हाताकडं बघत राहावंसं वाटे. कोयत्यानं कांब चिरताना आवाज येई तेवढाच. एक कांब पुढून, दुसरी मागून. टोक आलं की पुढची त्याच्या पोटात सरकवायची. खिळा नाही, तार नाही, कोपऱ्यात थोडी सुतळी. "सारवायचीय का?" त्यांनी मध्येच विचारलं. सारवली की तिची कुडाची भिंत होते. भीमेच्या खोऱ्यात इनामगावला डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या कुडाच्या भिंतींच्या खुणा सापडल्या होत्या. सौभाग्यवतीला मात्र नॅचरल दिसायला हवं होतं, त्यामुळं शेणाचा प्रस्ताव मागे पडला.

वई सुरेख झाली. तिच्या फटीतून सकाळचं ऊन अळूवर तुकड्या-तुकड्यानं पडे. फटीतूनच खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारत, "आज काय, भरलेली वांगी का?" वाटी जाण्याएवढी एक फट त्यांनी दोन कांबी बाजूला सारून पहिल्याच आठवड्यात करून घेतली. मामांनी ती पाहिली आणि कडा बांधून पक्की करून दिली. न विचारता.

मग पाऊस आला. आमच्याकडं तो वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्यातला बराचसा आमच्या परसातच पडतो असं वाटतं. मेढींना पानं फुटली. सौभाग्यवतीनं घोसाळी, पडवळ, तोंडली सोडली आणि श्रावणात त्या वईची हिरवी भिंत झाली. वेल मेढींवरून मांडवावर, मांडवावरून आंब्यावर गेले. दुसऱ्या मजल्याचाही प्रश्न सुटला. माझा त्रिकोण वेलांनी खोटा पाडला. संपूर्ण प्रायव्हसी! फक्त परसात बसायची सोय नव्हती, कारण धो धो पाऊस कोसळत होता. आणि मार्गशीर्ष लागला, पाऊस सरला, बाहेर खुर्ची टाकून बसावं अशी हवा पडली, तसे वेल वाळले, उंदीरमारीनं पानं गाळायला घेतली, आणि वरून आवाज आला, "सर, दिसायला लागलात!"

पलीकडं लोंबलेली घोसाळी कुणाची, यावर एक लहानसा वाद झाला होता. बी आमचं, वेल आमचा, लोंबकळण्याची जागा त्यांची. वहिनींनी त्यांची भजी करून त्याच फटीतून इकडं दिली. अपील करायला कारण उरलं नाही.

इंग्लंडात असं कुंपण नीट राखलं तर बरीच वर्षं टिकतं, असं पुतण्या सांगतो. टिकणारच. तिकडं शिमगा नाही. फाल्गुनी पौर्णिमेच्या आधी गावातली पोरं होळीसाठी लाकूड गोळा करतात, आणि कुणाच्या वईच्या काठ्या ओढून नेणं ही चोरी धरत नाहीत, धर्मकार्य धरतात. सुकी कारवी आणि सुका बांबू यांहून चांगलं सरपण नाही. आमच्या वईचा रस्त्याकडचा कोपरा होळीत गेला. गॅलरीतून सगळं दिसणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला ते बरोबर दिसलं नाही. त्याचा मुलगा त्या पोरांत होता. मामांना सांगितलं, तर ते हसले. वई दरवर्षी नवी घालायची असते, ती टिकवायची वस्तूच नव्हे, असं त्यांचं म्हणणं, आणि मजुरीच्या दृष्टीनं पाहिलं तर ते चुकीचं नाही.

तर कर्जतकडं जागा घेतलीच असेल, तर एवढं करा. सिमेंटचा बांबू लावू नका. दगडाचा परवडत असेल तर जरूर कोरून घ्या. वई घालायची तर जवळच्या वाडीत विचारा, मजुरीत घासाघीस करू नका, चहा दोनदा द्या. वाटीची फट आधीच ठेवून घ्या, नाहीतर शेजारी पाडतील. आणि शिमग्याच्या रात्री अंगणात खाट टाकून झोपा. माणूस झोपलेली खाट पोरं नेत नाहीत.

निदान दहिवलीत तरी अजून नेलेली नाही.