४३ इंची विवरणपत्र

घरी बसून लोकांची आयकर विवरणपत्रं भरणाऱ्या माणसाला मोठा मॉनिटर लागतो, हे मला घरात पटवता आलं नाही. "एवढा भिंतभर टीव्ही आहे की!" बायको म्हणाली. हिशेबाने तिचंच बरोबर होतं. ४३ इंची फोर-के टीव्हीवर आडवे ३८४० आणि उभे २१६० बिंदू असतात; म्हणजे साडेएकवीस इंची चार फुल एचडी मॉनिटर, मधल्या पट्ट्या काढून. एका एचडीएमआय केबलच्या पैशात चार मॉनिटर! शिवाय परंपरेचा आधार होताच. १९८२ साली इंग्लंडात आलेला क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक लोक घरच्या टीव्हीलाच जोडत, अँटेनाच्या भोकात वायर खुपसून.

पण टीव्हीचा जन्म करमणुकीसाठी. जे आहे ते तसंच दाखवणं त्याच्या स्वभावात नाही. आधी त्याने माझ्या स्क्रीनच्या चारही कडा खाल्ल्या. स्टार्टचं बटणच गायब. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या पिक्चर ट्यूबवर चित्राच्या कडा वेड्यावाकड्या येत, म्हणून चित्र जरा फुगवून त्या चौकटीमागे दडवायचे. ट्यूब गेली, दडवादडवी राहिली. करसल्लागाराला खरं तर याचं नवल वाटायला नको.

मग रंग. बरेच टीव्ही प्रत्येक बिंदूचा उजेड वेगळा ठेवतात, रंग मात्र चार बिंदूंत मिळून एकच. चौघांच्या घरात एक रिमोट असावा तसा. सिनेमात हे कळत नाही. एक्सेलमध्ये तोट्याचे लाल आकडे असे फिसकटले, की तीन आहे की आठ, समजेना. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन त्या इनपुटचं नाव "पीसी" केलं आणि अक्षरं एकदम शुद्धीवर आली. हुद्दा दिला की टीव्हीही जबाबदारीने वागतो.

"व्हिव्हिड" मोडवर थकबाकीसुद्धा सणासुदीची दिसे. "सिनेमा" मोडवर कोरा कागद पिवळा पडे. माउस हलवला तर बाण जरा विचार करून निघे, कारण प्रत्येक चित्र नटवल्याशिवाय टीव्ही बाहेर सोडत नाही. हा नट्टापट्टा बंद करणारा मोड एकच, "गेम". तेव्हापासून लोकांचा टॅक्स मी गेम मोडवर भरतो. अशिलांना सांगत नाही.

भर जुलैत, ऐन हंगामात, टीव्ही मधूनच झोपू लागला. चार तास रिमोटला कुणाचा हात लागला नाही, तेव्हा घरात कुणी नसणार, असा त्याचा समज. मी समोर बसून घाम गाळतोय, हे त्याच्या हिशेबात नाही. ती सोयही बंद केली.

तांत्रिक अडचणी सुटल्या. प्रेक्षक सुटले नाहीत. मॉनिटर एकट्याचा असतो, टीव्ही घराचा. आणि तो लांबून दिसावा असाच बनवलेला असतो. दिवाणावर शेंगा सोलत बसलेल्या आईला चष्म्याशिवायही सगळं वाचता येतं.

"हे चौथ्या मजल्यावरचे ना रे?"

"आई, हे गुप्त असतं."

"असू दे की. एवढं व्याज येतं बँकेतून? आणि आपल्या मुंजीला पाकिटात एकशे एक!"

दुपारच्या मालिकेची वेळ झाली, तरी आताशा ती चॅनल बदलायला सांगत नाही. मालिकेत कुणाकडे किती पैसा आहे ते नक्की कळत नाही, इथे कळतं, असं तिचं म्हणणं. एखाद्याला परतावा निघाला, की ती साखर ठेवायला उठते.

धंद्यावर परिणाम व्हायचा तो झालाच. सोसायटीतली माणसं अजून माझ्याकडेच येतात, पण कागद घेऊन यायच्या आधी फोन करून एकच विचारतात, "आई देवळात किती वाजता जातात?"