भांडं आमचं, नाव त्यांचं

नव्या टीव्हीच्या रिमोटवर आकडे नसतात. शून्य ते नऊ, सगळे हद्दपार. टीव्ही भिंतीवर लावायला आलेल्या मुलाला मी आकड्यांबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "काका, आकडे कोण दाबतंय आता?" आई शेजारीच बसली होती. तिची सगळी चॅनेलं आकड्यांनी पाठ आहेत. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं चहा अर्धा ठेवला.

आकडे हवे असतील तर सेट टॉप बॉक्सचा जुना रिमोट आहेच. म्हणजे चॅनेल त्या रिमोटवर, आवाज ह्या रिमोटवर. जुन्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड, आत दोन पेन्सिल सेल, चालत नसेल तर तळहातावर दोन फटके. निदान त्याच्यावरचं प्रत्येक बटण आमच्या कामाचं होतं. नव्यावर आकड्यांच्या जागी चार बटणं आहेत आणि त्या चारांवर सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या चार कंपन्यांची नावं आहेत. तिघींशी आमच्या घराचा काडीचाही संबंध नाही. चौथीचा पासवर्ड दाजींचा.

आता ही चार बटणं बसवली कुठे? आवाज कमी करायच्या बटणाच्या बरोब्बर खाली. रात्री आठची मालिका चालू आहे, फोन वाजतो, आवाज कमी करायला अंगठा जातो आणि अर्धं पेर खाली पडतो. झालं! सासू गेली, सून गेली, काळ्या पडद्यावर कंपनीचं नाव फुलत येतं आणि 'धडाम' असा आवाज होतो. मग टीव्ही विचारतो, कोण बघतंय? आई म्हणते, मी. टीव्हीला ते पटत नाही. तो मासिक, वार्षिक आणि 'सर्वाधिक लोकप्रिय' असे तीन दर पुढे करतो. परत यायचं तर होम, मग सोर्स, मग एचडीएमआय १ की २, हा घरातला कायमचा वाद. एवढ्या वेळात मालिकेत सुनेच्या थोबाडीत बसलेली असते, पण आईचं काही चुकत नाही, कारण ती थप्पड तीन कोनांतून, मग सगळ्या नातेवाइकांच्या चेहऱ्यांवरून, आणि उद्याच्या भागात पुन्हा सुरुवातीपासून दाखवतात. मराठी मालिकांच्या संथपणावर मी ह्याच जागी पूर्वी बरंच लिहिलं आहे. आता कळतं की त्यांनी रिमोटचा विचार केला होता.

पण मला खुपतं ते दुसरंच. ही बटणं कंपन्यांनी फुकट मिळवलेली नाहीत, तिथे नाव यावं म्हणून त्या टीव्हीवाल्यांना पैसे मोजतात. आमच्या घराण्यात भांड्यावर नाव घालतात ते पैसे देणाऱ्याचं. आजीच्या पितळी डब्यावर आजोबांचं नाव होतं, कारण डबा आजोबांनी घेतला होता. इथे डबा मी घेतला, पैसे मी मोजले आणि नाव चार परक्यांचं घालून डबा माझ्या हातात! वर दुकानदारानं पावतीवर २८ टक्के जीएसटी लावला. ३२ इंचांहून मोठा टीव्ही म्हणजे चैनीची वस्तू होती ना! म्हणजे दुसऱ्यांच्या चार जाहिराती मी विकत घेतल्या आणि त्यांच्यावर चैनीचा कर भरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो कर १८ टक्क्यांवर आला. आता जे घेतील त्यांना ह्याच जाहिराती स्वस्तात पडतील, त्यांचं अभिनंदन.

बरं, जाहिरात बटणापुरती असती तर अंगठा सांभाळून संसार केला असता. टीव्ही चालू केला की पहिलं दर्शन जाहिरातीचंच, निम्म्या पडद्यावर, कुठल्याशा गाडीची. गाडी घ्यायची ऐपत असती तर मी घरात टीव्ही बघत बसलो असतो का? पूर्वी टीव्ही लावला की तो जिथे बंद केला होता तिथेच उगवायचा. आता आधी 'तुमच्यासाठी खास' म्हणून खुनाच्या मालिका रांगेनं उभ्या. शिवाय त्याच्या पोटात एक सोय असते, ती कुणी सांगत नाही. पडद्यावर जे दिसेल त्याची टीव्ही मधूनमधून चित्रं टिपतो, ती ताडून पाहतो आणि ह्या घरात काय बघतात ते वर कळवतो. पेन ड्राइव्हवरून लग्नाचं शूटिंग लावलं तरी त्याचा डोळा उघडाच. हे बंद करता येतं, पण सेटिंगमध्ये असल्या सभ्य नावाखाली आणि इतक्या खोल गाडलेलं असतं की शोधणाऱ्याला पुराणवस्तू संशोधकाचा दर्जा द्यावा. पूर्वी टीव्ही बघायला लायसन्स लागायचं, पोस्टात जाऊन फी भरायची. लोक सरकारच्या नावानं बोटं मोडत. पण त्या सरकारनं पैसे घेतले आणि गप्प बसलं, दिवाणखान्यात डोकावलं नाही! २०१२ च्या ३१ ऑक्टोबरला मुंबईतली जुनी केबल बंद करून बॉक्स घ्यायला लावला, घेतला. २०१९ साली सांगितलं, शंभर चॅनेलांचे १३० रुपये आणि वर कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, बाकीची चॅनेलं एकेक निवडा. आम्ही वही-पेन घेऊन निवडली. प्रत्येक वेळी वाक्य एकच, 'ग्राहक राजा'. ह्या राजाला स्वतःच्या रिमोटवर एक बटण मिळू नये?

रिमोटला माइकही आहे. आईनं त्यात 'भारूड' म्हटलं, पक्ष्यांचा माहितीपट लागला. तिनं तो शेवटपर्यंत पाहिला, तो भाग वेगळा.

पासवर्डाचं तर विचारू नका. बाण दाबत, डावीकडून उजवीकडे, एकेक अक्षर टिपायचं. दाजी फोनवर सांगत होते, मी मोठ्यानं म्हणत होतो आणि हॉलमध्ये सगळे पाहुणे माझ्यापेक्षा एक अक्षर पुढे होते. पाचव्या अक्षराला ते बाईचं नाव आहे हे उघड झालं. ताई तिथेच होती. नाव ताईचं नव्हतं. दाजींनी पासवर्ड बदलल्याचं आता कळलं आहे. नवा आम्हाला दिलेला नाही.

शेवटी कस्टमर केअरला फोन लावला. म्हटलं, ती चार बटणं बंद करून द्या, निदान आवाजाखालचं तरी.

"सर, बटण चालत नाहीये का?"

"चालतंय. तीच तक्रार आहे."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज. मग ती म्हणाली, "सर, बटण चालत असेल तर तक्रार नोंदवता येत नाही. बंद पडलं तर वॉरंटीत येईल, आम्ही रिमोट फुकट बदलून देऊ."

"आणि आवाजाचं बटण बिघडलं तर?"

"ते वापरून झिजतं ना सर," ती म्हणाली, "ते वॉरंटीत नाही."