तिसऱ्या पक्षाची म्हैस

वैजापुरात विमा म्हणजे पीकविमा. गारपीट झाली की बहात्तर तासांच्या आत कळवायचं, हे आमच्याकडं तिसरीतल्या पोरालाही पाठ असायचं. पाढ्यांचं मात्र सांगता येत नाही. २०२३च्या खरिपात सरकारनं हा विमा एक रुपयात केला, तेव्हा बांधावर न जाणारेसुद्धा शेतकरी झाले. २०२५च्या खरिपापासून ती रुपयाची सोय बंद झाली, तेव्हा पारावर सुतक पाळल्यासारखी शांतता होती. त्यामुळे मी विम्याची चौकशी करतोय म्हटल्यावर जो तो एकच विचारायचा, "किती एकर, सर?"

मी सांगायचो, "अडीच फूट."

अडीच फूट ही माझ्या बोटीची लांबी. जन्मभर आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं, फळ्यावर आर्किमिडीज काढला आणि पुसला. निवृत्त झाल्यावर म्हटलं, एकदा त्याला पाण्यात सोडून बघू. थर्माकोलचा साचा कापला, त्यावर फायबरचा थर चढवला. आत ड्रोनला असते तसली ब्रशलेस मोटार. तिच्यापासून मागं पितळी नळी, नळीत पोलादी दांडा, दांड्याच्या टोकाला चहाच्या बशीपेक्षाही लहान पंखा. नळीतून पाणी आत येऊ नये म्हणून ती ग्रीसनं ठासून भरायची, आणि तरीही ते येतंच, म्हणून सांध्यांवर एम-सील. हाताला लागलेलं एम-सील चार दिवस जात नाही, त्यामुळे जेवायला बसलो की ही माझ्या ताटाकडं न बघता बोटांकडं बघते. बोट जाते झकास. नारंगी प्रकल्पात पाणी असेल त्या वर्षी मी नाविक, नसेल त्या वर्षी सेवानिवृत्त शिक्षक.

विम्याचं खूळ डोक्यात घातलं इंग्लंडमधल्या पुतण्यानं. व्हिडिओ कॉलवर बोट दाखवली तर म्हणाला, "काका, मस्त! इन्शुरन्स आहे ना?" तिकडं म्हणे बोटवाल्यांचे क्लब असतात. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कातला वाफेच्या बोटींचा क्लब तर १९०४ सालचा. वाफेवरची बोट असेल तर तिच्या एवढ्याशा बॉयलरची तपासणी होते, दाखला मिळतो. आणि आपल्या बोटीनं दुसऱ्या कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा असल्याखेरीज बहुतेक क्लब बोट पाण्याला लावू देत नाहीत. वर्गणीतच तो विमा येतो. मी हसलो. पण रात्री झोप येईना, म्हणून हिशेब केला. बोटीचं वजन अडीच किलो, वेग ताशी तीस किलोमीटर. या वेगानं ती कुणाच्या नडगीवर आदळली तर बसणारा दणका अडीच किलोचं वजन साधारण साडेअकरा फुटांवरून पडल्याइतका. दहावीला हेच गणित मी पोरांना चार गुणांसाठी घालायचो. चार गुणांत नडगी मोडते हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठलं. तो आता विम्याचं काम करतो. वर्गात कधी प्रश्न न विचारणारा पोरगा आता एकामागून एक प्रश्न विचारतो, धंदाच तसा.

"बोट बुडाली तर किती भरपाई पाहिजे, सर?"

"बुडाली तर बुडू दे. काही नको."

"चोरीला गेली तर?"

"जाऊ दे. बोटीनं दुसऱ्याचं काही नुकसान केलं तर त्याला द्यायचे पैसे."

तो जरा वेळ माझ्याकडं बघत राहिला. स्वतःला काहीच नको म्हणणारं गिऱ्हाईक त्याच्याकडं पहिल्यांदाच आलं असावं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे पब्लिक लायबिलिटी! आहे ना सर, कायदाच आहे." आणि खरंच आहे. १९८४च्या भोपाळ वायुकांडानंतर सरकारला जाग आली आणि १९९१ साली सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा झाला. धोकादायक रसायनं हाताळणाऱ्या कारखानदारानं हा विमा घ्यायलाच हवा; अपघात झाला तर चूक कुणाची हे न बघता मदत द्यायची; मदतीचा अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांकडं. मूळ कायद्यात माणूस दगावला तर पंचवीस हजार आणि मालमत्तेचं नुकसान झालं तर जास्तीत जास्त सहा हजार, असे आकडे होते. भोपाळ डोळ्यांपुढं ठेवून सहा हजार ठरवणाऱ्याला हिशेबाचे किती गुण द्यावेत, हा प्रश्न मी राखून ठेवला.

"रसायन कुठलं साठवता, सर?"

"ग्रीस. डबीभर."

"बॅटरीत काय असतं?"

"लिथियम."

लिथियम ऐकताच त्याचा चेहरा उजळला. पण कायद्याला कारखान्याची कोठारं अभिप्रेत आहेत आणि माझी बॅटरी साबणाच्या वडीएवढी, हे समजल्यावर पुन्हा मावळला. मग त्यानं बिगर-औद्योगिक आस्थापनांच्या विम्याचा फॉर्म काढला. हॉटेलं, नाट्यगृहं, शाळा यांच्यासाठी असतो तो. व्यवसायाचं स्वरूप? बोट सोडणे. कामगार किती? एक, तोही बायकोच्या परवानगीनं. वार्षिक उलाढाल? म्हटलं, उलटते कधीकधी, पण आपोआप सरळ होत नाही. एका अपघाताला किती रकमेपर्यंत आणि अख्ख्या वर्षात किती रकमेपर्यंत, असे दोन वेगळे रकाने होते. वर्षात एकाहून जास्त अपघात करण्याची सवलत आगाऊ मिळत होती, हे मला आवडलं. फॉर्म वर गेला आणि वरूनच परत आला. शेरा होता की ही वस्तू खेळणं आहे, आस्थापना नव्हे.

पोरगा हार मानणारा नव्हता. "सर, गणपतीचा होतो, तुमचा का नाही होणार?" हेही खरं. मुंबईत किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळानं २०२२च्या गणेशोत्सवासाठी ३१६ कोटी ४० लाखांचा विमा उतरवला होता, आणि त्यात दर्शनाला येणाऱ्या लोकांना काही झालं तर म्हणून वीस कोटींची सार्वजनिक दायित्वाची बाजू वेगळी होती. दहीहंडीच्या गोविंदांना तर सरकारच विमा देतं. पण गोविंदाच्या विम्याची गंमत अशी की तो पडणाऱ्याचा असतो. ज्याच्या अंगावर गोविंदा पडतो त्याचं काय, हे विचारायला अजून कुणी खालून वर आलेलं नाही. मला नेमका तो खालचा माणूस हवा होता. विम्याच्या भाषेत त्याला तिसरा पक्ष म्हणतात: पहिला मी, दुसरी कंपनी, आणि उरलेलं सगळं जग तिसरं.

मग घराच्या विम्याची वाट सापडली. घरमालकाच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या नुकसानीचं एक कलम जोडून मिळतं. आपल्या गॅलरीतली कुंडी खाली कुणाच्या डोक्यावर पडली वगैरे. हप्ता अगदी किरकोळ. मी सही करायला पेन काढलं. पण शिक्षकी पेशाची खोड, आधी बारीक अक्षरातला मजकूर वाचला. तिथं स्वच्छ लिहिलं होतं की वाहन, विमान किंवा जलयान यांच्यामुळे झालेलं नुकसान यात धरलं जाणार नाही.

म्हणजे विमा द्यायची वेळ आली की माझी बोट खेळणं, आणि नाकारायची वेळ आली की जलयान! या देशात माझ्या थर्माकोलला इतका मान दुसरीकडं कुठं मिळाला नसता.

जलयान तर जलयान, म्हणून २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा मिळवून वाचला. १९१७चा इंग्रजांचा कायदा जाऊन हा आला. यात यंत्रावर चालणाऱ्या जलयानाला विमा सक्तीचा आहे, पण आधी सर्वेक्षण आणि नोंदणी. खलाशांची संख्या, जीवरक्षक साधनं, सगळं बघतात. माझ्या खलाशाला जागा करून द्यायची तर बॅटरी काढावी लागेल, आणि बॅटरी काढली की ते यंत्रावर चालणारं राहणार नाही. तो नाद सोडला. ड्रोनवाल्यांचं बरं आहे. २०२१च्या ड्रोन नियमांनी अडीचशे ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला मोटारीसारखाच तिसऱ्या पक्षाचा विमा लावून दिला. त्यांना वर आकाशात सरकार दिसतं, मला पाण्यात बेडूकसुद्धा विचारत नाही. आणि गंमत म्हणजे रिमोटचा खेळ मुळात बोटीचाच. निकोला टेस्लानं १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींवर चालणारी छोटी बोट दाखवली, तेव्हा ड्रोन तर सोडाच, राइट बंधूंचं विमानही उडालं नव्हतं. म्हणजे ज्येष्ठता आमची आणि सवलती त्यांना. शिक्षण खात्यात उभी हयात काढल्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही.

हे सगळं चाललं असताना तिसरा पक्ष स्वतःहून हजर झाला. त्याला चार पाय होते.

त्या वर्षी पाऊस बरा होता, आणि वर नांदूर मधमेश्वरच्या कालव्याचं आवर्तनही सुटलं होतं, त्यामुळे गाव पाण्याच्या बाबतीत जरा उदार झालं होतं. काठाला म्हशी डुंबत होत्या. मी बोट लांब ठेवली होती. पण वळवताना पंख्यात शेवाळ अडकलं, बोट भेलकांडली आणि एका म्हशीच्या नाकासमोरून भिर्रर्र करून गेली. शिवली नाही. म्हैस मात्र अशी बुजली की अंगावरच्या चिखलासकट थेट घरी गेली. (म्हैस आणि अपघात म्हटलं की मराठी माणसाला पु. ल. आठवतात. पण त्यांच्या म्हशीच्या वाट्याला एसटी तरी आली होती. माझ्याकडं सांगायलासुद्धा लाज वाटावी अशी अडीच फुटी बोट.)

संध्याकाळी मालक दारात. "मास्तर, तुमच्या त्या भिंगरीनं म्हैस बुजली. पान्हा चोरला तिनं. दोन लिटरचा खड्डा."

मी लगेच विद्यार्थ्याला फोन लावला. त्यानं आधी म्हशीची चौकशी केली. तिच्या कानात पिवळा बिल्ला होता, बिल्ल्यावर बारा आकडी नंबर होता, आणि पशुधन विमाही होता. म्हणजे या व्यवहारात विमा, ओळखपत्र आणि पुरावा हे सगळं म्हशीकडं. माझ्याकडं काही नाही. पण तिचा विमा दगावण्याचा. बुजण्याचा नाही. आणि माझा विमा झाला असता तरी, तो म्हणाला, कंपनी बघते अंगाला झालेली इजा किंवा वस्तूची मोडतोड. म्हशीला ओरखडा नाही, दूध तर अजून निघालेलंच नाही. न निघालेल्या दुधाची मोडतोड कशी दाखवणार?

मी दोन लिटर दूध आणून दिलं. मालकानं पिशवी हातातही घेतली नाही. "म्हशीचं मागतोय, डेअरीचं नाय." पैसे पुढं केले, तर त्यानं ते चार शेजाऱ्यांना दिसतील अशा बेतानं नाकारले. शेवटी टपरीवर चहा झाला. दुसऱ्या चहाला तो म्हणाला, "ती चालती कशी पण?" मी बोट दाखवली. तिसऱ्या दिवशी तो काठावर रिमोट हातात धरून उभा होता, आणि म्हशी राखायला त्याचा पोरगा होता.

यातूनच क्लबाची कल्पना निघाली. एकट्या माणसाला कंपनी दारात उभी करत नाही. संस्थेला बसायला खुर्ची देते. १८६०च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला सात माणसं लागतात. वैजापुरात सात माणसं जमवणं अवघड नाही. सातांत अध्यक्ष सात निघतात, अडचण ती आहे. मी, विमेवाला विद्यार्थी, म्हैसवाला, मोटारी रिवाइंड करून देणारा एक कारागीर, टपरीवाला आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक कारकून, अशी सहा नावं झाली. कारकुनांमुळे मोलाची माहिती मिळाली. प्रकल्प महामंडळाचा, मासे ठेकेदाराचे, पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन गाळपेर करणाऱ्याची. पाण्याचा वरचा पृष्ठभाग मात्र कुठल्याच फायलीत नाही. माझी बोट जिथं चालते ती जागा सरकारच्या लेखी अस्तित्वातच नाही, हे ऐकून मला एकदम हलकं वाटलं.

मग विद्यार्थ्यानं असा मुद्दा काढला की त्याला मी दहावीला कमी गुण दिल्याचं मनापासून वाईट वाटलं. "सर, तिसरा पक्ष म्हणजे संस्थेबाहेरचा माणूस. म्हैसवाले आता सभासद. टपरीवाले सभासद. आपण काठावरच्या सगळ्यांनाच आत घेतलं तर तिसरा पक्षच उरत नाही. मग विमा कशाला लागतोय?"

विमा विकणाऱ्याच्या तोंडून हे ऐकल्यावर चर्चा संपायला हवी होती. पण सातवी जागा रिकामी होती, आणि काठावर नुकसान होण्यासारखा एकच माणूस बाहेर राहिला होता: मासेमारीचा ठेकेदार. त्याची जाळी पंख्यात अडकली तर तो चहावर भागवणारा नाही. आम्ही सगळे मिळून त्याच्याकडं गेलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, बोट उलटीसुलटी करून बघितली, पंखा बोटानं फिरवला आणि सभासद व्हायला तयार झाला. वर्गणीही लगेच काढली. त्याची अट एकच: अध्यक्षपद. म्हैसवाला म्हणतो, नुकसान आधी माझं झालं, अध्यक्ष मी. गेले तीन रविवार सभा तहकूब होतेय, बोट माझ्या पडवीत वाळत पडलीय, आणि प्रकल्पातलं पाणी रोज बोटभर खाली चाललंय.